देवळीतल्या तीन रेघा

रविवार, १८ जून २०२३

गावी येऊन आज चौथा दिवस. पावसाचा पत्ता नाही. मान्सून ११ तारखेला रत्नागिरीपर्यंत आला आणि तिथंच अडकून पडला. समुद्रात बिपरजॉय वादळ उठलं, त्यानं सगळं बाष्प गुजरातकडं ओढून नेलं म्हणतात. सोयाबीनची पेरणी खोळंबलीय, उसाला विहिरीचं पाणी पुरेना. आई पहाटे उठून सोप्यात बसते, आभाळाकडं बघते आणि चहा व्हायच्या आत म्हणते, "आरं, पुण्याच्या बातम्या लाव की."

पुण्याच्या बातम्या म्हणजे आकाशवाणी पुण्याच्या सकाळच्या प्रादेशिक बातम्या. याच आठवड्यात त्यांच्यावर गदा आली होती. आकाशवाणीचा पुण्यातला प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून बातम्या छत्रपती संभाजीनगरहून द्यायचा आदेश निघाला. उद्यापासूनच, १९ तारखेपासून. पुण्यात आणि बाहेर बरीच ओरड झाली, तेव्हा आदेशाला स्थगिती मिळाली. हे मी आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प बसली. मग एवढंच विचारलं, "मग आयर्विनचं पाणी कोण सांगणार?"

तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही, म्हणून आज लिहायला बसलो.

आयर्विन म्हणजे सांगलीचा कृष्णेवरचा पूल, १९२९ सालचा. आमच्याकडं नदीची उंची त्याच पुलापाशी मोजतात. ४० फुटांवर पाणी गेलं की इशारा, ४५ वर धोका. नदीकाठच्या गावात हे आकडे लहान पोरालाही पाठ असतात. २००५ च्या पुरात मी पुण्यात होतो. रस्ते बंद, गावातले फोन बंद. आईआण्णा गावातल्या उंचावरच्या शाळेत जाऊन राहिले. आण्णांनी बरोबर नेलं ते ट्रान्झिस्टर, सेलांचा एक पुडा आणि भिंतीवरचं कॅलेंडर. कोयनेतून किती क्युसेक सोडलंय, अलमट्टीतून पुढं किती सोडतायत, आयर्विनला किती फूट झालं, हे बातमीत आलं की ते कॅलेंडरच्या पाठीमागं पेन्सिलीनं लिहून ठेवायचे. ते पान मी जपून ठेवलंय. आकडे चढत चढत ५३ च्या वर जातात. त्याच्यापुढं दोन ओळी मोकळ्या आहेत आणि मग उतरते आकडे सुरू होतात. त्या मोकळ्या जागेत नेमकं काय झालं ते आण्णांनी कधी सांगितलं नाही. बहुतेक सेल संपले असतील.

२०१९ ला पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं. आण्णा तोपर्यंत राहिले नव्हते. सगळ्यांच्या हातात फोन होते आणि कुणीतरी धरण फुटल्याचा निरोप पाठवला. शेजारची बाई रडायला लागली. आई तिला म्हणाली, "रेडिओवर सांगितलं का? न्हाई ना? मग फुटलं न्हाई." आणि खरंच फुटलं नव्हतं.

एवढा विश्वास त्या आवाजांनी कमावला कसा, याचा विचार करत होतो. उत्तर शोधायला लांब जायला नको. तो आवाज रोज ठरल्या वेळी यायचा आणि आमच्याबद्दलच बोलायचा.

सांगली केंद्र सुरू झालं ऑक्टोबर १९६३ मध्ये. आमच्या घरात रेडिओ आला त्यानंतर काही वर्षांनी, मी पाळण्यात असताना. त्याचा परवाना असायचा, पोस्टात वर्षाला १५ रुपये भरायचे आणि पुस्तिकेत शिक्का मारून घ्यायचा. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ते बंद झालं, पण ती पुस्तिका अजून ट्रंकेत आहे, जमिनीच्या सातबाऱ्याबरोबर. आण्णांनी ती सातबाऱ्याबरोबर ठेवली यातच काय ते आलं.

सकाळी सहाला पाच मिनिटं कमी असताना संकेतधून वाजायची. खाली तंबोरा, वरून व्हायोलिन. ती धून वॉल्टर कॉफमन नावाच्या ज्यू संगीतकाराची. हिटलरच्या धाकानं युरोप सोडून १९३४ साली तो मुंबईला आला आणि पुढं आकाशवाणीच्या मुंबई केंद्रात पाश्चात्त्य संगीत सांभाळू लागला. हे मला पन्नाशीत वाचून कळलं. तोपर्यंत माझ्या लेखी ती म्हशीच्या धारेची धून होती. बादलीत पहिली चिळकांडी पडायची आणि गोठ्याच्या खिडकीतून ते व्हायोलिन यायचं. घर सोडून आलेल्या माणसानं केलेली धून आमच्या गोठ्यात इतकी आपली होऊन गेली, हे आठवलं की आजही गळा दाटतो. मग वंदे मातरम्, भक्तिगीतं, आणि सात वाजून पाच मिनिटांनी सुधा नरवणे. "आकाशवाणी पुणे, सुधा नरवणे आपल्याला प्रादेशिक बातम्या देत आहे." घाई नाही, चढ नाही, एकेक शब्द धुऊन ठेवल्यासारखा. आण्णा आम्हाला सांगायचे, बाईंचा 'ण' ऐका आणि 'न' ऐका. आमच्याकडं या दोन अक्षरांची अदलाबदल फार. शाळेतल्या गुरुजींच्या छडीनं जे झालं नाही ते रोजच्या त्या दहा मिनिटांनी झालं. मी आज जे मराठी लिहितो त्यातला अर्धा वाटा त्या आवाजाचा आहे.

पण संध्याकाळी त्याच डब्यातून दुसरी भाषा यायची, शेतकऱ्यांच्या कार्यक्रमातली. तिथं दोन माणसं आमच्यासारखीच बोलायची, 'काय वं' आणि 'व्हय की' म्हणत. हुमणीवर काय टाकायचं, आडसाली लावण कधी करायची. मग बाजारभाव. राजापुरी हळद, गूळ, तासगावचा बेदाणा. भाव ऐकल्याशिवाय गाडी भरायची नाही असा आण्णांचा नेम होता. व्यापाऱ्यानं गावात येऊन काहीही सांगू दे, सांगलीच्या मार्केट यार्डात आज काय भाव निघाला ते रेडिओनं आधीच सांगितलेलं असायचं. एकाच केंद्रावर प्रमाण मराठीही होतं आणि आमची बोलीही होती, आणि कुणी कुणाला हलकं लेखत नव्हतं. ही गोष्ट नंतर आलेल्या एकाही वाहिनीला जमली नाही असं माझं स्पष्ट मत आहे. तिथं आमची बोली येते ती हसवायला.

'आपली आवड'सारख्या फर्माईशीच्या कार्यक्रमांना पत्रं जायची. आण्णा गाणी ऐकणारे नव्हते, पण एका वर्षी, मी आठवीत असेन, त्यांनी आईच्या नकळत १५ पैशांचं कार्ड लिहिलं. पत्ता मला घालायला सांगितला. आकाशवाणी केंद्र, सांगली, ४१६ ४१६. तेच तीन आकडे दोनदा, म्हणून तो पिन मी कधी विसरलो नाही. त्यानंतर रोज कार्यक्रमाच्या वेळी आण्णा काहीतरी निमित्त काढून घरात थांबायचे. तीन आठवडे गेले. एका रात्री आई भाकऱ्या थापत होती आणि निवेदिकेनं नावं वाचायला सुरुवात केली. आमच्या गावाचं नाव आलं. त्यातला 'ळ' बाहेरच्या लोकांना जमत नाही, त्या बाईंना जमला. मग आण्णांचं नाव, आणि 'सौ.' लावून आईचं. तिचा हात परातीतच थांबला. तव्यावरची भाकरी करपली आणि कुणीही ती उलटायला उठलं नाही. गाणं सुरू झालं तरी आईचं लक्ष गाण्याकडं नव्हतं. ती आण्णांकडं बघत होती आणि आण्णा भिंतीकडं बघत होते. दुसऱ्या दिवशी विहिरीवर बायकांनी तिला गराडा घातला. कारण सगळ्या गावानं ऐकलं होतं. आता कुणाचंही नाव, फोटो, वाढदिवस क्षणात हजार लोकांपुढं जातो, आणि तो आनंद कमी आहे असं मी म्हणणार नाही. पण आपण स्वतः आपलं नाव टाकणं वेगळं. त्या रात्री सांगलीतल्या एका अनोळखी बाईनं माझ्या आईचं नाव घेतलं होतं.

टीव्हीबद्दल मला एवढं लिहिता येणार नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पण ते आम्हाला मुंबईहून सुट्टीला येणाऱ्या मावसभावंडांच्या तोंडूनच कळायचं. 'चिमणराव'मधला दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव त्यांनी पाहिला होता, आम्ही त्यांच्या नकलांवर हसायचो. आमच्याकडं टीव्ही आला तोही दिल्लीचे कार्यक्रम घेऊन. मराठी दिसायला आणखी वाट बघावी लागली. ती सुरू झाली तेव्हा संध्याकाळी सातच्या बातम्यांना प्रदीप भिडे यायचे आणि 'नमस्कार' म्हणायचे, आणि आमची आजी पडद्याला उलटा नमस्कार करायची. गेल्या वर्षी ७ जूनला भिडे गेले. बातमी वाचली तेव्हा मी ऑफिसात होतो. जिन्यात जाऊन पाच मिनिटं उभा राहिलो.

आज सकाळचं लिहायचं राहिलं. आईच्या ट्रान्झिस्टरमध्ये नुसती घरघर येते म्हणून मी फोनवरच्या ॲपवर केंद्र लावून दिलं. आवाज स्वच्छ, काचेसारखा. आई खूश झाली. सात वाजताचे टोले ऐकले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून म्हणाली, "घड्याळ फुडं पळाय लागलंय." स्टुलावर चढून तिनं काटा मागं घेतला. सत्याहत्तर वर्षांची बाई, मी नको नको म्हणेपर्यंत चढलीसुद्धा. खरं म्हणजे घड्याळ बरोबर होतं. इंटरनेटवरून येणारा आवाज वाटेत साठत साठत येतो, त्यामुळं पाऊण मिनिट उशिरा पोचतो. पन्नास वर्षं या घरातलं घड्याळ त्या टोल्यांवर लावलेलं. मी तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "उशिरा येणाऱ्या टोल्यावर घड्याळ लावायचं कसं, बाबा?" माझ्याकडं उत्तर नव्हतं.

म्हणून दुपारी तो ट्रान्झिस्टर हातात घेतला. चामड्याचं कव्हर भोकाभोकाशी फाटलेलं, पण आत सगळं शाबूत. सेल नवे घातले. (पूर्वी सेल मंदावले की आम्ही ते कौलांवर उन्हात ठेवायचो, त्यावर आणखी दोन दिवस निघायचे.) सोप्यात देवळीत ठेवायला गेलो तर धूळ पुसताना तळाला पेन्सिलीच्या रेघा दिसल्या. तीन. आण्णांच्या. ट्रान्झिस्टरच्या आत फेराइटची कांडी असते, ती एरियलचं काम करते आणि ती केंद्राच्या दिशेला आडवी असली तरच आवाज नीट येतो. म्हणून रेडिओ कुठं वळवून ठेवायचा याच्या त्या खुणा. एक सांगलीची, एक पुण्याची, एक धारवाडची. धारवाड आमच्याकडं दिवसाही खणखणीत लागायचं, आई अजून काही कानडी पदं गुणगुणते, त्यातला एकही शब्द तिला कळत नाही. रात्री तर रत्नागिरी, मुंबई, कुठलं कुठलं ऐकू यायचं. दिवसा मध्यम लहरी शोषून घेणारा आकाशातला थर सूर्य मावळला की विरतो, वरच्या थरावरून लहरी परत खाली येतात. आण्णांना हे शास्त्र माहीत नव्हतं. त्यांना एवढंच ठाऊक होतं की कोणत्या महिन्यात कितीला कुठलं केंद्र येतं.

सांगलीच्या रेघेवर रेडिओ ठेवला, काटा १२५१ वर आणला. घरघरच. केंद्र बंद पडलं की काय असं वाटून मी परत उचलायला गेलो, तेवढ्यात लक्षात आलं. एलईडी दिवे, फोनचे चार्जर, टीव्हीचा डबा, इन्व्हर्टर. घरातली ही प्रत्येक वस्तू मध्यम लहरींवर कचरा टाकत असते. आण्णांच्या वेळी घरात दोन पिवळे बल्ब होते, बस्स.

दिवेलागणीला मी आईला सांगून इन्व्हर्टर बंद केला आणि मेन स्विच खाली ओढला. घर काळोखात गेलं. पंखा थांबत थांबत थांबला. घरघर एकदम खाली बसली आणि तिच्यातून माणसाचा आवाज वर आला. थोडा किरकिरा, पण देवळीतून, नेहमीच्या उंचीवरून.

मी काडेपेटी शोधायला उठलो तर आईनं अंधारात माझा हात धरला.

"थांब, हालू नकोस. हवापाणी सांगत्यात."