एका ‘एच’साठी अडलेला बसपास

मुलीच्या बसपासाचं काम जूनच्या पहिल्या पावसात काढलं आणि ते संपलं तेव्हा बाजारात चतुर्थीला गणपतीच्या वर बांधतात त्या माटोळीचं सामान आलं होतं. आता पास तिच्या बॅगेत आहे, ती रोज जाते-येते, पण ती एक खिडकी आठवली की माझं डोकं अजून तापतं. म्हणून लिहितोय. गावातून पहिल्यांदा पणजीला शिकायला जाणारं कुणी घरात असेल तर वाचून ठेवा.

आम्ही हरवळ्याचे. साखळीला लागून, धबधबा आणि गुंफा आहेत तेच गाव. मुलगी सकाळी साखळी बसस्थानकावर येते, तिथून कदंबची, म्हणजे गोव्याच्या सरकारी महामंडळाची, पणजी बस. पहिले पंधरा दिवस रोज तिकीट काढून गेली. एका रात्री हिने, म्हणजे बायकोने, जाण्या-येण्याचा महिन्याचा हिशेब कॅलेंडरच्या मागे मांडून माझ्यासमोर ठेवला. दुसऱ्या दिवशी मी फॉर्म घेऊन आलो.

आमच्याकडे मागितलं ते एवढंच: भरलेला फॉर्म, फोटो, आधारची झेरॉक्स, आणि मुलगी खरोखरच तिथे शिकते असं कॉलेजचं सही-शिक्क्यासह लेखी. पहिल्या तीन गोष्टी अर्ध्या तासात झाल्या. चौथीला अडीच महिने लागले.

कॉलेजचं नाव सांगत नाही. ऑफिसच्या खिडकीतल्या बाईंनी आधी फॉर्म पाहिला, मग आधार, मग स्वतःचा कॉम्प्युटर. मग पेनाच्या टोकाने गावाच्या नावावर दोनदा टकटक केलं. आधारवर आमचं गाव इंग्रजीत ‘एच’पासून सुरू होतं. कॉलेजच्या रेकॉर्डमध्ये, शाळेच्या दाखल्यावरून आलेलं, ते ‘ए’पासून. बाई म्हणाल्या, ही दोन वेगळी गावं.

मी हसलो. ते हसणं महाग पडलं असावं.

गोव्यात वाढलेल्या माणसाला हे समजावावं लागेल असं वाटलं नव्हतं. पोर्तुगिजांच्या भाषेत ‘एच’चा उच्चार होत नाही, म्हणून हरवळें त्यांच्या कागदावर ‘आर्वालेम’ झालं. शेवटचा ‘एम’सुद्धा ‘म’ नाहीच, तो आपला अनुस्वार आहे. पेडणेंचं ‘पेर्नेम’ झालं, केपेंचं ‘क्वेपेम’, साखळीचं ‘सँक्वेलिम’, तसंच हे. 1961 ला ते गेले, स्पेलिंगं राहिली. काही पाट्यांवर ‘एच’ परत आला, काहींवर नाही. धबधब्याला येणारे पर्यटक ‘ए’ची पाटी बघून येतात आणि ‘एच’च्या गावात पोचतात. अजून कुणी वाटेत हरवलेला नाही.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. ‘‘तें म्हाका खबर आसा. पूण सिस्टमांत तशें ना.’’

म्हणजे माहीत होतं! मला राग आला तो इथे.

मग ‘फाल्यां येयात’, उद्या या, सुरू झालं. दुसऱ्या दिवशी बाई रजेवर. पुढच्या आठवड्यात प्रिन्सिपल मीटिंगला. मग सांगितलं, पंचायतीचा रहिवासी दाखला आणा. आणला. त्यावर वर ठसठशीत देवनागरीत हरवळे, खाली शिक्क्यात ‘एच’. बाईंनी दाखला उजेडात धरला आणि म्हणाल्या, ‘‘हें ‘एच’चें जालें. आमकां ‘ए’चें जाय.’’ मी मोबाइलवर काढलेला साखळीच्या बसच्या पाटीचा फोटो दाखवला. वर देवनागरी साखळी, खाली रोमन सँक्वेलिम, एकाच पत्र्यावर. ही दोन गावं असतील तर ड्रायव्हर रोज कुठे जातो, असं विचारलं. त्यांनी माझ्या मागच्या मुलाला पुढे बोलावलं.

(तावातावाने बोलू नका, हे मला हिने तीनदा सांगितलं होतं. बरोबर होतं. पण तिने ती खिडकी पाहिलेली नाही.)

शेवटी प्रतिज्ञापत्र. स्टॅम्प पेपर घेऊन नोटरीकडे गेलो. त्यांनी विचारलं, पासपोर्टासाठी का? पोर्तुगालच्या नागरिकत्वाच्या कागदांसाठी नावांची अशी जुळवाजुळव करायला आमच्याकडे लोक येतात, म्हणून विचारलं असेल. मी म्हटलं, बसच्या पासासाठी. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि थोडा वेळ माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग मी शपथेवर लिहून दिलं की माझं गाव हे माझंच गाव आहे.

या सगळ्यात मुलगी रोज पूर्ण तिकीट काढत होती, हे विसरू नका.

प्रतिज्ञापत्र घेऊन गेलो त्या दिवशी खिडकीत एक तरुण मुलगा बसला होता. बाई जेवायला गेल्या होत्या. त्याने फॉर्म वाचला. ‘‘हरवळें? म्हजी मावशी थंयच रावता.’’ आणि शिक्का मारला. ठप्प. आतून सही आणायला त्याला पाच मिनिटं लागली. स्टॅम्प पेपर मी पुढे केला, तर ‘‘हें कित्याक?’’, हे कशाला, म्हणून न उघडताच परत दिला. मी जिन्यावर येऊन बसलो. आनंद झाला की रडू येत होतं ते आजही सांगता येणार नाही.

पुढे काहीच अडलं नाही. पास देणाऱ्या माणसाने फक्त एक प्रश्न विचारला, माशेलमार्गे की म्हापसामार्गे? तेवढी जागा मी रिकामी सोडली होती. साखळीहून पणजीला दोन्हीकडून जाता येतं. एक रस्ता आमोणे, खांडोळा, माशेल, बाणस्तारी, जुने गोवे असा. दुसरा डिचोली, अस्नोडा, म्हापसा, पर्वरी करून मांडवीच्या पुलावरून. मुलगी कोणत्या बसने जाते ते आधीच विचारून घ्या. मी तिथे उभा राहून फोन लावत होतो आणि मागची रांग माझ्याकडे तशीच बघत होती, जशी मी अडीच महिने इतरांकडे बघत होतो.

फोटो दोन जास्त ठेवा. आमचा एक पावसात भिजून चिकटला.

आणि खासगी बसचं. मुलीने एकदा घाईत खासगी बसमध्ये चढून पास दाखवला. कंडक्टर म्हणाला, ‘‘हो कदंबाचो, बाय,’’ आणि तिकिटाचे पैसे घेतले. त्याची चूक नाही. ‘‘फाटीं जागो आसा, फाटीं वचात’’ म्हणत, लोकांना मागे सरकवत, तो दारात लोंबकळत होता, त्याला माझ्या स्टॅम्प पेपरचं काय सांगणार. संध्याकाळी खासगी बसगाड्या विरळ होतात तेव्हा मात्र कदंबच उपयोगी पडते. कदंब महामंडळ 1980 चं. मी शिकत होतो तेव्हा पासाच्या फॉर्मवर हेडमास्तरांनी न बघताच सही केली होती, आणि त्यावर गावाचं स्पेलिंग काय होतं ते देवाला ठाऊक.

मुख्य गोष्ट राहिलीच. प्रवेशाचा अर्ज भरतानाच आधार समोर ठेवा आणि गावाचं नाव अक्षर न् अक्षर तसंच उतरवा. शाळेचा दाखला वेगळं सांगत असेल तर तो तिथल्या तिथे, मुलांची नावं शाळेत असतानाच, दुरुस्त करून घ्या.

प्रतिज्ञापत्र मी फाडलेलं नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलंय. धाकटा यंदा नववीत आहे, त्याच शाळेत.