गॅदरिंगच्या आठवड्यातली ती दुपार

नागपुरात गॅदरिंग म्हटलं की जानेवारी. सकाळी स्वेटर, दुपारी अंगावर घ्यावंसं वाटणारं ऊन आणि मैदानात मांडवाचे बांबू. आमच्या शाळेत तो आठवडा भरगच्च असायचा. नाटकाच्या तालमी, आनंदमेळा, फिशपाँड, शेवटच्या दिवशी बक्षीस समारंभ. हे सगळं सगळ्याच शाळांत असतं, म्हणून त्यात रमत नाही. मला सांगायचं आहे ते बक्षीस समारंभाच्या आदल्या दुपारबद्दल. त्या दिवशी मैदानाच्या कडेला उन्हात सतरंज्या पडायच्या आणि आमचे शिक्षक स्वतःच्या आवडीचं पुस्तक घेऊन आमच्यासमोर बसायचे.

ही प्रथा मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी सुरू केली होती. त्यांनी शिक्षकांना मुख्य अट घातली होती: 'वाचन करा' असं मुलांना सांगायचं नाही. पुस्तक शाळेचं नको, घरचं आणायचं. नंतर प्रश्न नाहीत, निबंध नाही, बक्षीस नाही. स्वतः बाई खुर्ची नाकारून आमच्यातच सतरंजीवर बसत. आज मला त्या अटीचं मोल फार वाटतं. वर्षभर जे आम्हांला शिकवायचे, ते त्या दुपारी नुसते वाचणारे म्हणून समोर यायचे, आणि मुलांना हा फरक लगेच कळतो.

गणिताच्या सरांनी एका वर्षी सुरेश भटांचा 'रंग माझा वेगळा' आणला. १९७४ साली निघालेला संग्रह. त्यांच्या प्रतीची शिवण सुटलेली, पानं दोऱ्यानं बांधलेली. भट मूळचे अमरावतीचे, पण राहायला नागपुरात, त्यामुळे आम्हांला ते आपल्या गावचेच वाटायचे. सरांनी आधी एक गझल चालीशिवाय, सावकाश वाचली. मग फळा मागवला आणि त्यावर लिहिलं: गालगागा गालगागा गालगागा गालगा. 'ल' म्हणजे लघू, त्याची एक मात्रा; 'गा' म्हणजे गुरू, त्याच्या दोन. सात, सात, सात आणि पाच, एकूण सव्वीस. "आता प्रत्येक ओळ मोजा," म्हणाले. आम्ही बोटांवर मोजत गेलो. खरंच प्रत्येक ओळ सव्वीस! मागून कोणीतरी ओरडलं, "सर, हे तं गणितच आहे न!" सरांचा चेहरा असा फुलला की वर्गात सगळ्यांची उत्तरं बरोबर आली तरी फुलत नसे. कॉलेजात असताना भटांना ऐकायला ते धनतोलीपासून महाल भागापर्यंत चालत गेले होते, हेही त्या दिवशी कळलं. गणिताच्या तासाला हे कधी कळलं असतं?

इतिहासाचे सर सावनेरचे. छिंदवाड्याच्या रस्त्यावरचं ते गाव आम्हांला फक्त एसटीच्या पाटीवरून ठाऊक होतं. राम गणेश गडकरी तिथे, वयाच्या अवघ्या तेहेतिसाव्या वर्षी, २३ जानेवारी १९१९ रोजी गेले. आमचं गॅदरिंग त्या तारखेच्या आसपासच असे, म्हणून सर दर वर्षी गडकरीच आणत. मात्र ते नाटकांतला करुण भाग टाळत आणि 'बाळकराम' या नावानं लिहिलेल्या विनोदी लेखांतलं काहीतरी निवडत. एवढ्या कमी आयुष्यात गेलेल्या माणसाला हसून आठवावं, असं ते म्हणत. वाचता वाचता स्वतःच इतके हसायचे की चष्मा पुसायला थांबावं लागे.

विज्ञानाच्या बाईंकडे मारुती चितमपल्लींचं पुस्तक असायचं. वनखात्यातल्या नोकरीत रानात राहून पाहिलेलं लिहिणारे हे लेखक बाईंना पाठ होते. एका वर्षी त्यांचं वाचन ऐकून मुलांनी इतकी भुणभुण लावली की सहल रामटेकऐवजी तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यातल्या नवेगाव बांधला गेली. तलावाच्या काठी बाईंनी पुस्तक उघडलंच नाही. "पाहा," एवढंच म्हणाल्या.

सगळ्यांत रंगायचं ते शिक्षकांचं आपसातलं मतभेदाचं बोलणं. मराठीच्या बाईंनी कवी ग्रेस आणले. ग्रेस नागपुरातच मराठी शिकवायचे आणि बाई त्यांच्या वर्गात बसलेल्या. कविता संपल्यावर ड्रॉइंगचे सर सरळ म्हणाले, "मला यातलं काही कळलं नाही." आम्ही श्वास रोखले. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मलाही सगळी कळलेली नाही. पण वीस वर्षं झाली, सुटत नाही." मोठी माणसं न कळणारी गोष्ट इतकी वर्षं जवळ बाळगतात, हे मला नवीन होतं. कविता अडली की मी अजूनही पुस्तक मिटत नाही, ते त्या दुपारमुळे.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयासमोर रांग. लायब्ररीच्या बाई कपाटाला कुलूप लावून फक्त चिठ्ठ्या घ्यायच्या, कारण प्रत एकच आणि मागणारे पन्नास. ज्यांना थांबवत नसे त्यांना इतिहासाचे सर झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघाच्या ग्रंथालयाची वाट दाखवत. काही जण बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जुन्या पुस्तकांच्या दुकानांत घुसत.

मोठ्या बाई इतकी वर्षं फक्त ऐकत आल्या होत्या. निवृत्तीच्या वर्षी दहावीच्या मुलींनी त्यांना सोडलंच नाही. बाई ऑफिसात गेल्या आणि 'किशोर'चा ताजा अंक घेऊन आल्या. बालभारतीचं हे मासिक १९७१पासून निघतं आणि आमच्या ग्रंथालयात दर महिन्याला यायचं, पण नेहमी उशिरा. बाईंनी त्यातली एक गोष्ट वाचून दाखवली, सगळे आवाज काढून, अगदी म्हातारीचा आणि बोकडाचासुद्धा. मग म्हणाल्या, "अंक आला की आधी मी घरी नेते. पूर्ण वाचल्याशिवाय खाली पाठवत नाही." लायब्ररीच्या बाईंनी तिथेच हात वर केला आणि पुढच्या महिन्यापासून अंक थेट आपल्याकडे यावा अशी मागणी केली. बाईंनी ती मान्य केली. फक्त चिठ्ठ्यांच्या यादीत पहिलं नाव त्यांचं लागेल, एवढं कबूल करून घेतलं.