‘मयत’ या शब्दावर अडलेली सही

शपथपत्राच्या चौथ्या परिच्छेदावर तिने बोट ठेवलं आणि म्हणाली, "मॅडम, ह्ये मी नाय बोलणार."

परिच्छेद एका ओळीचा होता. ‘माझे पती मयत झालेले आहेत.’ बेपत्ता माणूस मेला असं कोर्टाकडून जाहीर करून घ्यायच्या दाव्यांत हे वाक्य आम्ही सगळेच डोळे झाकून घालतो. साडेदहा वाजून गेले होते, बोर्डावर आमचा नंबर सातवा, साक्षीला आलेला तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, पहाटेची एसटी पकडून हर्णैहून येऊन बाहेर बाकावर बसलेला. आणि वादीच सरतपासणीवर, म्हणजे स्वतःच्या साक्षीच्या शपथपत्रावर, सही करायला तयार नाही.

"मी बघितलंय काय त्याला मेलेला? देवाची शपथ घेऊन खोटं कसं बोलू?"

मी तालुका विधी सेवा समितीच्या पॅनलवर आहे. 1987 च्या कायद्यानुसार बाईमाणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, म्हणून ती माझ्याकडे आली. नवरा नोव्हेंबर 2017 मध्ये बोटीवरून गेला, परत आला नाही. प्रेत मिळालं नाही, म्हणून मृत्यूची नोंद नाही. नोंद नाही म्हणून ती विधवा नाही. संजय गांधी निराधार योजनेत विधवा बसते, परित्यक्ता बसते, पण नवरा दर्यात गेलेली आणि कागदावर लग्नाची असलेली बाई कुठल्याच रकान्यात बसत नाही. लाडकी बहीणचे दीड हजार ‘विवाहित’ म्हणून मिळत होते, तर 2025 मध्ये ई-केवायसी आली. पोर्टलला नवऱ्याच्या आधारचा ओटीपी हवा होता. नवरा नसेल तर त्याच्या मृत्यूचा दाखला अंगणवाडीत द्यायचा होता. आधारला जोडलेला मोबाईल त्याच्या खिशात होता.

2018 मध्येच ती एका सरकारी कार्यालयात गेली होती. तिथल्या माणसाने सांगितलं, "सात वर्षांनी या." ती सात वर्षं थांबली. सुकी मासळी विकून दोन मुलांना शाळेत ठेवलं, आणि सात वर्षं पुरी झाल्यावर खरंच आली.

सहीवर परत येते. मी पुस्तक उघडून कलम पुन्हा वाचलं. जुन्या पुरावा कायद्यात ते 108 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियमात 111 आहे. तो जिवंत असता तर ज्यांना साहजिकच त्याची खबर लागली असती, त्यांनी सात वर्षांत त्याच्याबद्दल काही ऐकलेलं नाही, एवढंच सिद्ध करायचं असतं. मग तो जिवंत आहे हे दाखवायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर जाते. म्हणजे ‘तो मेला’ असं बायकोने शपथेवर म्हणावं अशी कायद्याची अपेक्षाच नाही. ते वाक्य आम्हा वकिलांचं होतं. एकाच्या टायपिंगमधून दुसऱ्याच्या टायपिंगमध्ये वर्षानुवर्षं उतरत आलेलं.

टायपिस्टकडे धावत जाऊन चौथा परिच्छेद बदलून घेतला. ‘त्या दिवसापासून आजपर्यंत माझ्या पतीचा फोन, पत्र किंवा निरोप मला, माझ्या सासूबाईंना वा मुलांना आलेला नाही, तसेच त्यांना कोणी पाहिल्याचे आमच्या कानावर आलेले नाही.’ तिने दोनदा वाचून घेतलं. "ह्ये खरं आहे," म्हणाली आणि पूर्ण नावाने सही केली.

पिंजऱ्यात तिला सरकारी वकिलांनी विचारलेला दुसराच प्रश्न असा: "तुम्ही आजही कुंकू लावता, मंगळसूत्र घालता, हे खरं ना?" प्रश्नाचा रोख कायद्यात बसतो हे मला कळतं. तरी तो विचारायला नको होता, असं मला त्या क्षणी वाटलं आणि आजही वाटतं. मी हरकत घ्यायला उठेपर्यंत तिने उत्तर दिलं होतं.

"तो मेला असं मला कोणी लिहून दिलंय काय? तुम्ही लिहून द्या, मग बघू."

न्यायाधीशांनी ते तिच्याच शब्दांत उतरवून घ्यायला सांगितलं.

मग तांडेल आला. त्याच्या शपथपत्रात मी ठरावीक मजकूर घातला होता: बोट खाडीच्या मुखाशी उलटली, पाचपैकी चौघे वाचले, तेव्हापासून सदर इसम बेपत्ता. हे मी त्याच्याशी फोनवर दहा मिनिटं बोलून लिहिलं होतं. उलटतपासणीत सरकारी वकिलांनी सहज विचारलं, "म्हणजे तुम्ही त्याला बुडताना पाहिलेलं नाही?"

"पाहिलं ना साहेब. हात धरलेला मी त्याचा."

कोर्टात पंख्याचा आवाज तेवढा येत होता. तांडेल कुणीही न विचारता पुढे सांगत गेला. अमावास्येचं उधाण होतं. ओहोटी लागलेली, बाहेरून वारा, आणि अशा वेळी खाडीच्या तोंडावरच्या वाळूच्या बांधावर लाट उभी फुटते. बोट आडवी पडली. तो जाळ्याच्या दोरात अडकला होता. "डोकं दोनदा वर आलं. तिसऱ्यांदा नाय आलं. माझ्या हातात त्याचा शर्ट राहिला."

"हे तुम्ही कोणाला सांगितलं होतं?" न्यायाधीशांनीच विचारलं.

"पोलिसांना साहेब. तिसऱ्या दिवशी जबाब दिला. लिहून घेतला त्यांनी."

माझ्या फाईलमध्ये पोलीस ठाण्याच्या नापत्ता रजिस्टरची नक्कल होती. जबाब मी मागवलेच नव्हते. सात वर्षं पुरी झालेली पाहिली आणि सोपा रस्ता मिळाला म्हणून खूश होऊन दावा टाकला होता.

त्या दिवसापासून हेच डोक्यात आहे. सात वर्षांचं कलम ज्याच्या हातात दुसरा काहीच पुरावा नाही त्याच्या मदतीसाठी आहे. पुरावा असेल तर थांबायची गरजच नसते. चार माणसांनी बोट उलटताना पाहिली, एकाने बुडताना पाहिलं, तिसऱ्या दिवशीचा जबाब आहे. एवढ्यावर 2018 मध्येच कोर्टाकडून मृत्यू शाबीत करून घेता आला असता. कार्यालयातल्या माणसाने मदतीचं कलम अडवणुकीसाठी वापरलं, आणि मीही तेच कलम धरून बसले. उत्तराखंडात चमोलीला 2021 मध्ये पूर आला, तेव्हा बेपत्ता माणसांच्या मृत्यूची नोंद सात वर्षं न थांबता करायची कार्यपद्धती सरकारने काढली. म्हणजे करायचं ठरवलं की होतं. एकटा खलाशी एका रात्री बुडाला तर त्याच्यासाठी कोण परिपत्रक काढणार? त्याच्यासाठी असतो तो टेबलामागचा माणूस, आणि नंतर वकील.

न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहिलं. "वकीलबाई, दाव्यात मृत्यूची तारीख मागितलेली दिसत नाही."

तारखेला किंमत आहे. नवऱ्याची एक विम्याची पॉलिसी होती. तिने 2019 पर्यंत हप्ते भरले, मग जमलं नाही, पॉलिसी बंद पडली. सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये एका विमा प्रकरणातच सांगून ठेवलंय की सात वर्षांच्या गृहीतकातून माणूस मेला एवढंच धरता येतं, कधी मेला हे धरता येत नाही. म्हणजे मी मागितला तसाच हुकूम मिळाला असता, तर विमा कंपनी म्हणणार, हप्ते थकल्यावर मेला. नोव्हेंबर 2017 ची ती रात्र शाबीत झाली तर पॉलिसी तेव्हा चालू होती.

जेवणाच्या सुट्टीत मी दुरुस्तीचा अर्ज लिहिला. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 6 नियम 17 ला एक अट आहे: साक्षीपुरावा सुरू झाल्यावर दुरुस्ती हवी असेल, तर पुरेशी दक्षता घेऊनही ही बाब आधी मांडता आली नाही हे दाखवावं लागतं. माझ्या अशिलाने दक्षता घेतली होती, ती तांडेलाला घेऊन आली होती. दक्षता मी घेतली नव्हती. ‘सदर जबाब वादीस उपलब्ध झाले नव्हते’ असं लिहिलं. ते खरं आहे, पण का झाले नव्हते ते त्यात नाही. अर्ज वाचून दाखवताना माझा आवाज मलाच बारीक वाटला. सरकारी वकिलांनी म्हणणं द्यायला मुदत मागितली. पोलीस ठाण्याकडून मूळ जबाब मागवण्याचा माझा दुसरा अर्ज मात्र लगेच मंजूर झाला.

बाहेर ती झाडाखाली तांडेलाशेजारी बसली होती. शर्टाची गोष्ट तिने आज पहिल्यांदाच ऐकली होती. तो इतकी वर्षं वाडीत तिच्यासमोरून जात होता आणि हे तिला सांगू शकला नव्हता. दोघं काही बोलत नव्हती.

मी पुढची तारीख सांगितली.

"ती नाय मॅडम," ती म्हणाली. "त्याची. त्याची तारीख लिहिणार ना कोर्ट?"

"अर्ज केलाय. मंजूर झाला तर लिहितील."

"सासूबाई दर साली म्हाळाला सगळ्यांची पानं ठेवतात. त्याचं नाय ठेवत. म्हणतात, जित्या माणसाचं पान कसं ठेवायचं?" तिने पिशवी उचलली. एसटीची वेळ झाली होती. "तिथी तर अमावास्याच, नाय काय? तांडेल बोलला तेच लिहून घेतलंय ना साहेबांनी?"

"हो," मी म्हणाले. "लिहून घेतलंय."