तुम्ही विचारलंत म्हणून: वारेला मेलाटोनिन कशाला हवे?

वारेच्या, म्हणजे गर्भाला पोसणाऱ्या प्लासेंटाच्या, ऊतींवर काम करते आणि सध्या मेलाटोनिन पाहते आहे, असे सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘ते तर झोपेचे हार्मोन ना? मग वारेला झोप कशाला?’ प्रश्न थट्टेचा असला तरी रास्त आहे; मात्र उत्तरासाठी ‘झोपेचे हार्मोन’ ही ओळख जरा बाजूला ठेवावी लागते. १९५८ साली आरन लर्नर यांनी गुरांच्या मेंदूतल्या पिनिअल ग्रंथींतून मेलाटोनिन वेगळे काढले, ते त्वचेच्या रंगाचा अभ्यास करताना. बेडकाची कातडी त्याने उजळते, ही त्याची पहिली ओळख. झोपेशी नाते नंतर जुळले.

शिवाय ते फक्त मेंदूतल्या त्या ग्रंथीतच तयार होते असेही नाही. सेरोटोनिन या रसायनापासून मेलाटोनिन घडवणारी दोन्ही विकरे (एन्झाइम) आणि त्याचा संदेश टिपणारे एमटी१ व एमटी२ हे दोन्ही ग्राही (रिसेप्टर) मानवी वारेच्या पेशींत आहेत, हे कॅनडातील क्वेबेकमधल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले. म्हणजे माल तयार करणारी आणि तो वापरणारी ऊती एकच.

वारेचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की अंकुरांचे, म्हणजे वारेच्या बोटांसारख्या बारीक फांद्यांचे, गोल छेद दिसतात आणि प्रत्येकाभोवती गडद केंद्रकांची सलग किनार दिसते, जिच्यात पेशीपेशींमध्ये भिंतच नसते. ही सिन्सिटिओट्रोफोब्लास्ट, आईचे रक्त थेट हिलाच भिडते. तिच्या खालच्या सायटोट्रोफोब्लास्ट पेशी तिच्यात विलीन होऊन तिची झीज भरून काढतात. प्राणवायूचा पुरवठा खालीवर झाला की येथे मुक्त मूलके (पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू) वाढतात आणि पेशी मरू लागतात. मेलाटोनिन ही मूलके स्वतः निष्प्रभ करते, आणि ग्राहींमार्फत पेशीच्या आतल्या संदेशयंत्रणेलाही वळण लावते. मला सर्वांत नवलाचे वाटते ते हे, की प्रयोगशाळेत जे मेलाटोनिन वारेच्या निरोगी पेशींना मरणापासून वाचवते, तेच वारेच्या कर्करोगाच्या पेशींना मरणाकडे ढकलते.

प्री-एक्लाम्प्सियात, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढण्याच्या गंभीर विकारात, वारेतील मेलाटोनिन आणि त्याचे ग्राही दोन्ही कमी आढळले आहेत. हे सांगताच ‘मग गोळी घ्यावी का?’ असे विचारले जाते. एखादी गोष्ट आजारात कमी आढळली म्हणजे तिच्या अभावानेच आजार झाला, असे ठरत नाही. मेलाटोनिन वार ओलांडून सहज बाळापर्यंत पोहोचते, त्यामुळे आईने घेतलेली गोळी केवळ आईची राहत नाही. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नये, एवढेच माझे उत्तर.

हे सहज ओलांडणे स्वाभाविक अवस्थेत मात्र बाळाच्या कामी येते. आईच्या रक्तातले मेलाटोनिन रात्री वाढते, गरोदरपणाच्या अखेरच्या आठवड्यांत तर अधिकच, आणि ज्याच्या पिनिअल ग्रंथीला अजून स्वतःची लय नाही त्या गर्भाला बाहेर रात्र झाल्याचे त्यातून कळते. बाळ जन्मले, नाळ कापली की हा निरोप बंद होतो. त्याची स्वतःची लय बसायला साधारण तीन महिने लागतात, आणि तोवर घरातल्या मोठ्यांच्या रात्री जागण्यात जातात.