व्हरायटी चौकात जायला बसचा नंबर

मानसशास्त्राचा तास वर्गाबाहेर न्यायचा विचार असेल, तर जूनमध्येच कॉलेजच्या ऑफिसच्या मागे लागा. माझं डोकं अजून तापलेलं आहे, म्हणून हे आधी सांगते.

व्यक्तिमत्त्वाचा भाग वर्गातच निभावला. बर्ट्रम फोररने १९४८ साली विद्यार्थ्यांची चाचणी घेऊन प्रत्येकाला 'हे तुझं वर्णन' म्हणून एकच मजकूर दिला होता. ते किती जुळतं, याला मुलांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. मी राशिभविष्यातली वाक्यं जुळवून तेच केलं. सगळ्या माना डोलल्या. मग एकीने शेजारणीचा कागद ओढला आणि वर्गात जो आरडाओरडा झाला! त्यानंतर बिग फाइव्ह, म्हणजे व्यक्तिमत्त्व पाच गुणांवर मोजायची पद्धत, शिकवताना 'मॅडम, ही चाचणी तरी खरी कशावरून?' हे मुलंच विचारू लागली.

घोडं अडलं सामाजिक मानसशास्त्रात. सॉलोमन अॅशचा रेषांचा प्रयोग (गटात बसवलेले त्याचे साथीदार ठरवून चुकीची रेषा सांगतात, तेव्हा एकटा पडलेला माणूसही तेच सांगतो का?) वर्षानुवर्षं पाच ओळींत उतरवून दिला जातो. मला मुलांना नागपुरात सीताबर्डीच्या व्हरायटी चौकात उभं करायचं होतं. लाल दिवा असताना पहिली गाडी पांढऱ्या पट्ट्यापुढे सरकली की मागच्या किती सरकतात, एवढंच मोजायचं.

ऑफिसकडे यासाठी एकच फॉर्म: शैक्षणिक सहल. रकाने असे: बस क्रमांक, चालकाचा परवाना, पालकांचं संमतीपत्र, मुक्कामाचं ठिकाण. मुक्कामाला काय लिहू, सिग्नलचा खांब? निम्मा वर्ग रोज त्याच चौकात बस बदलतो, असं म्हटलं तर बाबू म्हणाले, "ते आपले आपले जातात मॅडम. कॉलेजच्या नावाने नाही ना." काही झालं तर जबाबदारी कोणाची, हा त्यांचा प्रश्न चूक नव्हता, पण त्यावर बसचा नंबर हे उत्तर कसं? रकाने कोरे ठेवून फॉर्म दिला, तो त्रुटी म्हणून परत. सोबत पत्र जोडलं, ते प्राचार्यांच्या ट्रेमध्ये मुरलं आणि 'नियमानुसार कार्यवाही करावी' असा शेरा घेऊन बाबूंकडे आलं. कोणता नियम, तर बाबू म्हणे सरांना विचारा. सर म्हणे ऑफिसला माहीत आहे. इकडे सत्र संपत आलेलं.

शेवटी शिपाईभाऊच बोलले, "मॅडम, काहून सहलीच्या मागे लागल्या? नव्या शैक्षणिक धोरणाचा फील्ड प्रोजेक्ट हाये न, त्यात टाका." टाकलं. सही त्याच आठवड्यात. इतकी चीड आणि इतकं हायसं एकदम कधी वाटलं नव्हतं.

चौकात मुलं फुटपाथवर जोड्यांनी उभी केली: एक मोजणारा, एक लिहिणारा. गाडीचा नंबर, फोटो, चेहरा काही टिपायचं नाही, हे आधीच बजावलं होतं. एकाने वहीत लिहिलं, 'बाजूचा काका थांबून राहिला की त्याच्या मागचेही थांबतात.' अॅशच्या प्रयोगात एक जरी साथीदार खरं बोलला तरी गटापुढे मान तुकवणं खूप कमी झालं होतं. या मुद्द्यावर त्या दिवशी मला फळ्याकडे वळावं लागलं नाही.

हो, आणि अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्याच. माझं पहिलं पत्र 'आलंच नाही' म्हणाले होते.