मुक्कामाचे गणगोत

महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावी पत्र पाठवायचे झाले तर पाकिटावर नावाखाली मु. पो., त्याखाली ता. आणि शेवटी जि. ही अक्षरे लिहावी लागतात, आणि लिहिणारा ती इतक्या सवयीने लिहितो की त्यांच्या मागे पूर्ण शब्द उभे आहेत याचाही त्याला विसर पडतो. मुक्काम, तालुका आणि जिल्हा हे तिन्ही शब्द मूळचे अरबी. फारसीच्या दरबारी वाटेने ते मराठीत आले आणि इथल्या वसुलीत, न्यायनिवाड्यात नि टपालात असे रुळले की आता त्यांच्या शेजारचा ‘पोस्ट’ तेवढा परका वाटतो. जिल्हा म्हणजे अरबीत बरगडी, आणि त्यावरून बाजू. या बरगडीला संस्कृत ‘अधिकारी’ जोडून आपण ‘जिल्हाधिकारी’ असा दीर्घसंधी केला, त्यावर कोणा व्याकरणकाराने हरकत घेतल्याचे निदान माझ्या तरी ऐकिवात नाही. तालुक्याच्या धातूचा अर्थ लटकणे, चिकटणे, संबंध असणे. मुंबई इलाख्यातला ‘इलाखा’ त्याचा सख्खा भाऊ, आणि त्याच धातूतून अरबीत जळूचेही नाव निघते. सातबाऱ्यासाठी तालुक्याच्या कचेरीत खेटे घातलेल्या माणसाला ही सोयरीक पटायला वेळ लागू नये.

मला मात्र या तिघांत मुक्कामाने अडवून धरले आहे.

अरबी शब्दाचा सांगाडा बहुधा तीन व्यंजनांचा असतो. अर्थाचे बीज त्या तीन व्यंजनांत असते आणि त्यांच्या मध्ये कोणते स्वर भरायचे, आधी ‘म’ जोडायचा की ‘त’, एखादे व्यंजन दुप्पट करायचे की नाही, यावरून शब्दाचे काम ठरते: करणारा कोण, केलेले काय, करण्याची जागा कोणती. हे साचे ठरलेले असतात, आणि ते मोजण्यासाठी अरबी वैयाकरणांनी ‘करणे’ या अर्थाच्या फे-ऐन-लाम या तीन अक्षरांचे माप केले आहे. शिकवणारा प्रत्येक जण क-त-ब या लिहिण्याच्या धातूपासून सुरुवात करतो आणि किताब, कातिब (लिहिणारा), मकतब (लिहिण्याची जागा, शाळा) अशी माळ विद्यार्थ्याच्या हाती देतो. हे उदाहरण शिकवायला सोयीचे असले तरी मला ते फार आज्ञाधारक वाटते, कारण त्यातली तिन्ही अक्षरे प्रत्येक शब्दात जागच्या जागी दिसतात आणि शोधण्यासारखे काही उरत नाही.

मुक्कामाचा धातू तसा नाही. तो आहे काफ-वाव-मीम, आणि त्याचा अर्थ उभे राहणे. त्याच्या मधला ‘व’ अशक्त आहे. आजूबाजूच्या स्वरांचा दाब पडला की तो वितळतो. म्हणूनच मुक्काम, कायम, किंमत आणि कौम हे चार शब्द एकाच घरचे आहेत, असे कोणी सांगितले तर मराठी माणूस प्रथम विश्वास ठेवत नाही. नीट पाहिले तर आरंभीचा ‘क’ आणि शेवटचा ‘म’ चारही ठिकाणी शाबूत आहेत. मधला ‘व’ तेवढा मुक्कामात ‘आ’ झाला आहे, कायममध्ये ‘य’, किमतीत ‘इ’, आणि कौमात ‘औ’च्या पडद्यामागून अर्धवट डोकावतो आहे. मुक्कामातला दुप्पट ‘क’ आणि किमतीवरचा अनुस्वार हे दोन्ही मात्र आपल्या पदरचे. मराठी जिभेला अशा शब्दांत व्यंजनाचा ठोसा आवडतो. अक्ल, नक्ल, शक्ल आणि रकम यांच्याही आपण अशाच अक्कल, नक्कल, शक्कल आणि रक्कम करून घेतल्या.

अरबीत ‘मकाम’ म्हणजे उभे राहण्याची जागा. मक्केत काबागृहासमोर इब्राहीम जिथे उभे राहिले असे मानतात, ती जागा मकाम-ए-इब्राहीम. अरबी संगीतातल्या स्वरचौकटीलाही मकामच म्हणतात. पहिल्या अक्षराचा ‘म’ जाऊन ‘मु’ आला की नुसते उभे राहणे संपते आणि राहणे, वस्ती करणे सुरू होते. मराठीने उचलला तो हा दुसरा शब्द. पण खेड्यात रात्री शेवटची फेरी करून येणारी आणि पहाटे पहिली फेरी घेऊन निघणारी मुक्कामी एसटी पाहिली म्हणजे दोन्ही अर्थ पुन्हा एकत्र आल्यासारखे वाटतात: चालक आणि वाहक गावात राहतात, आणि गाडी रात्रभर चावडीपुढे खरोखरच नुसती उभी असते. राहण्याच्या याच क्रियेचे नाम ‘इकामा’. आखाती देशांत नोकरीला गेलेल्यांच्या रत्नागिरी-रायगडातल्या घरांतून हा शब्द सर्रास ऐकू येतो, कारण सौदी अरबस्तानातला राहण्याचा परवाना म्हणजे इकामा. तो झाला का, त्याचे नूतनीकरण अडले का, यावर घरची पुढची बेरीज अवलंबून असते. मशिदीत मुख्य अजान झाल्यानंतर नमाज सुरू होताना जी दुसरी, आटोपशीर हाक दिली जाते तिचेही नाव हेच आहे. ती ऐकून लोक रांगेत उभे राहतात.

किमतीची उपपत्ती मला सगळ्यांत आवडते. किंमत म्हणजे वस्तूच्या जागी जी उभी राहते ती, अशी तिची फोड जुन्या अरबी कोशकारांनी केली आहे, आणि मूळ वाक्यात ‘जागा’ आणि ‘उभी राहते’ हे दोन्ही शब्दही याच धातूचे आहेत. बाजारात याचा पडताळा रोज येतो. भाजीवाली मेथीची जुडी उचलून आपल्या पिशवीत टाकते, आणि पाटीत जुडीने जी ओली जागा मोकळी केलेली असते तिथेच क्षणभर नोट ठेवून ती सुट्ट्या पैशांसाठी बटवा उघडते. अर्थशास्त्राच्या ग्रंथांत मूल्याच्या पुष्कळ व्याख्या आहेत. पण त्यांतली एकही मला इतकी डोळ्यांना दिसलेली नाही.

बाकीची भावंडे थोडक्यात सांगता येतील. कौम म्हणजे एकत्र उभे राहणारे लोक. कयामत म्हणजे मृतांनी उठून उभे राहण्याचा दिवस. मराठीत तो हिंदी गाण्यांच्या पाठीवर बसून आला आणि सौंदर्याच्या वर्णनातच अधिक खर्च झाला. ‘तकवीम’ म्हणजे सरळ उभे करणे, नीट लावणे, आणि त्यावरून पंचांग किंवा दिनदर्शिका. तुर्कस्तानात आजही तालुक्याएवढ्या प्रदेशाच्या प्रशासकाला ‘कायमकाम’ म्हणतात. ‘कायम’ आणि ‘मकाम’ जोडून झालेल्या या हुद्द्याचा अर्थ होतो दुसऱ्याच्या जागी उभा असलेला. एकाच धातूचे दोन शब्द एका पदात बसवून त्याला सरकारी पगार देणे, हे ऑटोमन सल्तनतीलाच सुचावे.

अरबी शब्दकोशात हे सगळे एका पानावर किंवा लगतच्या पानांवर सापडते, कारण कोशांची जुनी मांडणी शब्दांच्या आद्याक्षरावर नसून धातूंवर असते. ‘मुकाम’ शोधायचा तर ‘म’ बाजूला सारून ‘काफ’कडे जावे लागते, म्हणजे शब्दाचे कूळ ठाऊक असल्याखेरीज अर्थ हाती लागत नाही. आठव्या शतकात बसऱ्याच्या खलील इब्न अहमदने अरबीचा पहिला मोठा कोश रचायला घेतला, तेव्हा तर त्याने वर्णमालेचा नेहमीचा क्रमही सोडला. कंठातून सर्वांत खोलवरून येणाऱ्या ‘ऐन’पासून आरंभ करून तो ओठांकडे गेला, आणि एका धातूच्या तीन अक्षरांची जेवढी उलटापालट होऊ शकते ती सगळी एकाच ठिकाणी मांडली. पुढे दहाव्या शतकात इब्न जिन्नी याने त्याहून धाडस केले आणि अक्षरे कशीही फिरवली तरी अर्थाचा एक समान धागा टिकतो, असे म्हटले. इथे मात्र मी थांबतो. अशी सोयरीक जुळवायला बसले की काहीही जुळते. जीम-मीम-लाम या एकाच धातूखाली उंट येतो, सौंदर्य येते आणि बेरीज किंवा वाक्य या अर्थाचा जुमलाही येतो. उंट सुंदर असतो म्हणून हे शब्द एकत्र आले, असे म्हणणाऱ्या भाष्यकारांच्या श्रद्धेला नमस्कार करून, दोन वेगळी कुळे कधीकाळी एकाच आडनावाने राहू लागली असतील, एवढे मानणे मला बरे वाटते.

उभे राहण्याच्या धातूची चर्चा बसण्याच्या धातूशिवाय अपुरी राहील. तो आहे काफ-ऐन-दाल. खाली बसलेले, पक्के टेकलेले ते ‘काइदा’, म्हणजे पाया, बैठक, तळ. त्यावरून नियम, आणि त्यावरून आपला कायदा. वर्तमानपत्रात ‘अल-कायदा’ वाचून एका दहशतवादी संघटनेने स्वतःला कायदा का म्हणवून घ्यावे, असा प्रश्न पडतो, त्याचे उत्तर इथे आहे. तिथे ‘तळ’ हा जुना अर्थ जिवंत आहे. उर्दूत मुलाच्या हाती पहिल्यांदा पडणारे अक्षरांचे पुस्तकही कायदाच. या शब्दाचे अरबी अनेकवचन ‘कवाइद’, म्हणजे नियमांचा समूह. उर्दू माध्यमाच्या शाळेत व्याकरणाला हेच नाव आहे, आणि मराठी शाळेत तीच आपली कवायत. बसण्याच्या धातूचा हा वंशज मैदानात उन्हात साऱ्या वर्गाला सावधान उभा करतो, यातली गंमत शारीरिक शिक्षणाच्या तासाला कोणीतरी सांगायला हवी होती. निदान विश्रामपर्यंतचा वेळ बरा गेला असता.

मराठेशाहीतल्या मोडी पत्रांत तर उभे राहणे आणि बसणे शेजारी शेजारी सापडतात. तारखेच्या ओळीत चंद्र या शब्दाचे संक्षिप्त रूप ‘छ’ घालून त्यापुढे मुसलमानी महिना लिहीत, आणि पत्र कोणत्या ठिकाणाहून निघाले ते ‘मुक्काम’ म्हणून नोंदवीत. त्या महिन्यांतला एक जिल्काद. नावाचा अर्थ बसण्याचा; युद्ध निषिद्ध असलेल्या चार महिन्यांत तो येतो आणि अरब त्यात लढाई सोडून घरी बसत, अशी त्याची परंपरागत उपपत्ती आहे. मराठ्यांच्या फौजा मात्र त्या महिन्यातही खुशाल कूच करीत, आणि पत्रावर जिल्कादच लिहीत.

संस्कृतातही ही जोडी आहेच. ‘स्था’पासून स्थान, स्थायी, स्थिती, संस्था, अवस्था, ‘सद्’पासून सभासद, संसद, उपनिषद. फरक असा की संस्कृताच्या कुळाशी आपले येणेजाणे राहिले. नवी गरज पडली की मराठी माणूस ‘स्था’ला एखादा उपसर्ग लावून शब्द पाडतो आणि ऐकणाऱ्याला तो कळतो. अरबी शब्द मात्र आपल्याकडे एकेकटे आले, साचे मागेच राहिले, त्यामुळे त्यांच्यापासून नवे घडवताना आपण प्रत्यय आणि समास फारसी, संस्कृत वा मराठी वापरतो: कायदेशीर, बेकायदा, कायद्यान्वये, कायमस्वरूपी, मुक्कामी, किंमती. शिवकाळात राज्यव्यवहारकोशाने फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, विसाव्या शतकात सावरकरांनी कायद्याला ‘निर्बंध’ सुचवला. निर्बंध भाषेत राहिला, पण बंधनाच्या अर्थाने, आणि कायदा जागचा हलला नाही.

साचे गेले तसे काही उच्चारही गेले, आणि त्यामुळे खोटी नाती दिसू लागली. कंठातला काफ आणि आपला साधा ‘क’ मराठीत एकच होतात. पाच वेगवेगळी अरबी अक्षरे आपण एकट्या ‘ज’वर भागवतो. नजर आणि नजराणा ही दोन्ही नावे मराठीत एका आईची वाटतात, परंतु पहिलीचा धातू पाहण्याचा आहे आणि दुसऱ्यातला ‘नज्र’ नवस बोलण्याच्या धातूतला. उलट तहसील, महसूल आणि ‘त्यात काय हशील?’ मधला हशील हे खरे सख्खे आहेत, तिघेही मिळवण्याच्या एकाच धातूचे. तहसीलदाराने महसूल गोळा करावा आणि देणाऱ्याने आपल्याला काय हशील म्हणून विचारावे, हा संवाद एका कुटुंबातला आहे हे दोघांच्याही ध्यानात येत नाही.

बसण्याचा धातू अरबीत अजून कामात आहे. निवृत्तीला तिथे ‘तकाउद’ म्हणतात, म्हणजे बसणे, बसून राहणे. हा शब्द आपण घेतला नाही, पण वस्तुस्थिती बरोबर जुळते. तात्पुरता लागलेला कारकून कधी एकदा ‘कायम’ होतो म्हणून वाट पाहतो, झाला की घरात पेढे वाटले जातात, आणि 58 व्या वर्षी अरबी व्याकरणानुसार तो उभा असलेला खाली बसतो. त्यानंतर दर नोव्हेंबरात त्याला हयातीचा दाखला द्यावा लागतो. त्यातली हयात जगण्याच्या धातूची, आणि दाखला आत शिरण्याच्या; दाखल, दखल आणि दखलपात्र गुन्हा ही त्याचीच भावंडे. बँकेतल्या खिडकीपुढे काठी टेकत रांगेत उभे राहून ‘मी आहे’ असे त्याला सही करून सांगावे लागते, आणि पलीकडच्या माणसाने शिक्का मारला की त्याच्या असण्याची दखल घेतली जाते.