फुटांचा आणि मैलांचा हिशेब : ब्यूफर्टला राहायला आल्यानंतर

न्यू जर्सीतल्या एडिसनहून आम्ही २०१९ च्या जुलैमध्ये दक्षिण कॅरोलायनातल्या ब्यूफर्ट या लहान गावी राहायला आलो, तेव्हापासून दर दोन-तीन महिन्यांनी कोणत्या ना कोणत्या मराठी कुटुंबाचा फोन येतो. त्यांनी इंटरनेटवर घरांच्या किमती पाहिलेल्या असतात, ओक वृक्षांवरून लोंबणाऱ्या करड्या, शेवाळासारख्या वनस्पतीची छायाचित्रे पाहिलेली असतात आणि आपल्या गावचा मालमत्ता कर वर्षाला दहा हजार डॉलरच्या आसपास गेल्यामुळे ती वैतागलेली असतात. आम्हीही तिकडे यावे का, एवढाच त्यांचा प्रश्न असतो. घराची किंमत मला विचारू नका, ती कोणीही सांगेल, असे मी त्यांना म्हणते. घराचे जोते समुद्रसपाटीपासून किती फुटांवर आहे आणि तुमच्या आठवड्यातली प्रत्येक गरज किती मैलांवर आहे, हे दोन आकडे आधी मांडा.

गावाविषयी थोडेसे सांगायला हवे. चार्ल्सटननंतर राज्यातले हे सर्वांत जुने शहर, स्थापना १७११ ची. २०२० च्या जनगणनेत इथली लोकसंख्या साडेतेरा हजारांच्या घरात होती. एडिसनची एक लाखाच्या वर आहे. गावाच्या नावाचा उच्चार ‘ब्यूफर्ट’. अगदी याच स्पेलिंगचे एक गाव उत्तर कॅरोलायनात आहे, त्याला मात्र ‘बोफर्ट’ म्हणतात, आणि पहिल्याच दिवशी मी उलटसुलट बोलल्यामुळे दुकानदाराने आमचे पाहुणेपण लगेच ओळखले. गाव बेटावर वसलेले आहे. भोवती खाड्या आणि मैलोन्‌मैल पसरलेली गवताळ खाजणे आहेत आणि दिवसातून दोनदा सात-आठ फूट पाणी चढते नि उतरते. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलाला इथले लोक ‘प्लफ मड’ म्हणतात. त्याचा तो कुजकट, खारट वास पहिल्या संध्याकाळी आला तेव्हा पुण्यात वाढलेल्या माझ्या नवऱ्याने गाडीच्या काचा वर केल्या. माझे बालपण रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठी गेलेले असल्यामुळे मी त्या पुन्हा खाली केल्या. आमचे स्थलांतर बहुधा त्या क्षणीच ठरले. नवऱ्याची नोकरी जॉर्जिया राज्यातल्या सव्हॅना बंदराशी संबंधित आहे आणि मी घरून काम करते, त्यामुळे सव्हॅनाच्या एखाद्या उपनगरात राहणे अधिक शहाणपणाचे झाले असते. रोज पंचेचाळीस मैल जाणे आणि तेवढेच परत येणे त्याच्या वाट्याला आले ते माझ्या हट्टामुळे, हे इथेच कबूल करते.

पहिले वर्ष आम्ही भाड्याच्या घरात काढले, आणि या सगळ्या व्यवहारात आम्ही केलेली सर्वांत शहाणपणाची गोष्ट तीच. इथला चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा मानला जातो. येऊन दोन महिनेही झाले नव्हते तोच डोरियन नावाचे वादळ बहामा बेटांवर येऊन ठाकले. १ सप्टेंबरला, रविवारी, राज्यपालांनी किनारपट्टीच्या जिल्ह्यांना सक्तीने गाव सोडण्याचा आदेश जाहीर केला. तो सोमवारी दुपारी बारापासून लागू होणार होता. सोमवारी गणेश चतुर्थी होती. एडिसनच्या ओक ट्री रोडवरून घेतलेली शाडूची मूर्ती सामानातून जपून आणलेली, मखर अर्धे लावून झालेले. मी भारतात आईला फोन केला. तिने क्षणभरही न अडखळता सांगितले, “प्रतिष्ठा झालेली नाही ना अजून? मग उचला आणि निघा. जिथे पोचाल तिथे बसवा.” पहाटे निघालो. मागच्या आसनावर दोन मुलांच्या मध्ये, सुरक्षापट्टा लावलेला गणपती. ऑगस्टा शहरातल्या मोटेलचे मालक गुजराती होते; त्यांच्या आईने गणपती पाहिला मात्र, खोलीतले टीव्हीचे टेबल स्वतःच्या हाताने रिकामे करून दिले आणि तिथे आमची चतुर्थी झाली. वादळ किनाऱ्याला समांतर निघून गेले, ब्यूफर्टचे फार नुकसान झाले नाही, आणि पाचव्या दिवशी परत येऊन आम्ही गावातल्या नदीतच विसर्जन केले.

प्रसंग आता सांगायला गोड वाटतो, परंतु त्यातला खरा धडा पैशाचा आणि मनःस्थितीचा होता. चार रात्रींचे मोटेलभाडे, बुडालेले कामाचे दिवस, फ्रिजमधले टाकून द्यावे लागलेले अन्न हे सगळे स्वतःच सोसावे लागते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, आदेश आल्यावर जायचे की नाही याचा निर्णय दरवेळी नव्याने घ्यावा लागतो. शेजारचे निवृत्त आजोबा जात नाहीत, कारण मागच्या वेळी काही झाले नव्हते. याच बेटांवर २७ ऑगस्ट १८९३ च्या वादळात दोन हजारांच्या आसपास माणसे गेली होती, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. तरीही ते जात नाहीत. आमच्याकडे जूनपासून कागदपत्रांची पेटी, औषधे आणि आजीच्या पाटल्या एका पिशवीत दाराशी असतात. नोव्हेंबर संपला की ती पिशवी उघडताना जे हायसे वाटते, ते न्यू जर्सीच्या हिमवादळांनंतर कधी वाटले नव्हते.

आता फुटांकडे वळते. अमेरिकेत घराच्या नेहमीच्या विम्यात पुराचे नुकसान धरलेले नसते, ही गोष्ट उत्तरेत राहणाऱ्यांच्या गावीही नसते. पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो. १९६८ साली सुरू झालेल्या सरकारी योजनेतून तो घेतल्यास घराच्या इमारतीसाठी जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर आणि सामानासाठी एक लाख डॉलर एवढेच संरक्षण मिळते, आणि साधारणपणे विमा घेतल्यापासून तीस दिवसांनी तो लागू होतो, म्हणजे वादळ दूरदर्शनवर दिसू लागल्यावर धावाधाव करण्यात अर्थ नसतो. किनाऱ्याजवळच्या कित्येक घरांना वाऱ्याच्या नुकसानीसाठी आणखी तिसरी पॉलिसी घ्यावी लागते. त्यातही चक्रीवादळाच्या दाव्यात पहिला भार आपण उचलायचा असतो आणि तो ठरावीक रकमेचा नसून घराच्या विमाकृत किमतीच्या टक्केवारीत असतो. चार लाखांच्या घरावर पाच टक्के म्हटले तरी पहिले वीस हजार डॉलर आपल्या खिशातले. आम्ही पाहिलेले पहिले घर खाडीच्या अगदी काठावर होते, ओसरीवरून डॉल्फिन दिसत. तिन्ही विम्यांची बेरीज पाहिल्यावर मासिक हप्ता जवळजवळ एडिसनइतकाच होत होता. शेवटी २०२० मध्ये शेजारच्या लेडीज आयलंड या बेटावर, पाण्यापासून थोडे आत, जमीन समुद्रसपाटीपासून बारा फूट उंच असलेले घर घेतले. तिथून डॉल्फिन दिसत नाहीत.

करांच्या बाबतीत मात्र आम्ही निश्चितच सुखी झालो. स्वतः राहत असलेल्या घराच्या बाजारमूल्यापैकी इथे फक्त चार टक्के रक्कम करपात्र धरली जाते, भाड्याने दिलेल्या किंवा सुटीच्या घराची सहा टक्के. पण चार टक्क्यांचा दर आपोआप मिळत नाही, त्यासाठी जिल्ह्याच्या कार्यालयात अर्ज करावा लागतो. आणि मोटारीवरही दरवर्षी मालमत्ता कर असतो, जो न्यू जर्सीत नव्हता.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांनी एक गोष्ट आधी तपासावी. घरून काम असले तरी राहण्याचे आणि कामाचे ठिकाण दुसऱ्या महानगर क्षेत्रात गेले की नोकरी देणाऱ्या कंपनीला सरकारकडे सुधारित अर्ज करावा लागतो. २०१५ च्या एका निर्णयानंतर याबाबत संदिग्धता उरलेली नाही. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने घर पाहून झाल्यावर ही चौकशी केली आणि त्यांना माघार घ्यावी लागली.

मैलांचा हिशेब अधिक किचकट आहे, कारण तो एकदम लागत नाही. तूरडाळ, पोहे आणि हिंग पंचेचाळीस मैलांवर. नाटकाचा प्रयोग किंवा मोठा मराठी मेळावा शार्लट किंवा अटलांटात, म्हणजे चार-साडेचार तासांवर. एडिसनला मुले जिन्यात, दुकानात, शेजारी मराठी ऐकत; इथे ती फक्त आमच्या दोघांकडून ऐकतात, आणि दोन माणसांच्या तोंडची भाषा किती लवकर आज्ञार्थी होते हे माझ्या लक्षात आले तेव्हा मला वाईट वाटले: ऊठ, जेव, आवर, झोप. रविवारी सकाळी ऑनलाइन मराठी शाळा असते, तिच्यामुळे लेक वाचू लागली. धाकट्याचे अजून भिजत घोंगडे आहे.

दवाखान्याची गोष्ट याहून गंभीर. सासूबाई आमच्याकडे आल्या असताना एका रात्री त्यांच्या छातीत दुखू लागले. गावातल्या रुग्णालयाने जे तातडीने करायचे ते नीट केले, परंतु पुढच्या उपचारांसाठी त्यांना चार्ल्सटनला हलवावे लागले. सत्तर मैल, काळोखा रस्ता, पुढे रुग्णवाहिका आणि मागे आम्ही. त्या बऱ्या झाल्या. तेव्हापासून ज्यांच्या घरी नियमित तज्ज्ञ डॉक्टर लागणारी वडीलधारी मंडळी आहेत त्यांना मी इथे येण्याचा सल्ला देत नाही.

मग मुलांना घेऊन इथे राहायचे तरी कशासाठी? बारा वर्षांखालच्या मुलांसाठी याहून चांगली जागा मी अमेरिकेत पाहिलेली नाही. धक्क्यावर बसून दोरीला कोंबडीची मान बांधायची, ती पाण्यात सोडायची आणि खेकड्याने धरली की श्वास रोखून हळूहळू वर ओढायची, या एका उद्योगात आमच्या धाकट्याने जेवढा धीर शिकला तेवढा कोणत्याही शिकवणीत शिकला नसता. लेकीला भरती-ओहोटीचे वेळापत्रक तोंडपाठ असते. उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) हे दोन्ही शब्द तिने माझ्याकडून फोनवर नव्हे, तर पाण्यात पाय सोडून बसून घेतले. कोळंबी थेट मचव्यावरून मिळते. बाजारात भेंडीचे ढीग असतात. ही भेंडी आफ्रिकेतून गुलामांबरोबर इथे आली, आणि तिळाला इथले कृष्णवर्णीय लोक ज्या ‘बेने’ या नावाने ओळखतात ते नावही तिकडचेच. सहा महिने चावणारे डोळ्यांना न दिसणारे किडे, उन्हाळ्यातला चिकट घाम आणि तळ्याच्या काठी पहुडलेली सुसर यांची सवय होते. किड्यांची तेवढी होत नाही.

शाळा जिल्हा पातळीवर चालतात आणि त्यांच्यात डावे-उजवे आहे. वर्गातली अनेक मुले जवळच्या मरीन तळांवरच्या सैनिकांची असल्यामुळे दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी जिवलग मित्र निघून जातो. इतिहास मात्र पुस्तकाबाहेर सापडतो. १८३९ साली याच गावात गुलाम म्हणून जन्मलेल्या रॉबर्ट स्मॉल्सने मे १८६२ मध्ये चार्ल्सटन बंदरातून ‘प्लांटर’ नावाचे जहाज आपल्या कुटुंबासह पळवून नेले, पुढे तो अमेरिकी काँग्रेसचा सदस्य झाला आणि ज्या मालकाच्या घरी तो गुलाम होता तेच घर त्याने विकत घेतले. ते घर आजही उभे आहे. शाळेतून आल्यावर लेकीने आम्हाला तिथे चालत नेले.

नव्याने येणाऱ्या आपल्यासारख्यांच्या हिशेबात न बसणारी एक बाजू आहे आणि ती मला सर्वांत अधिक टोचते. शेजारच्या सेंट हेलेना बेटावर गुला लोकांची वस्ती आहे, म्हणजे भाताच्या आणि कापसाच्या मळ्यांवर राबवलेल्या आफ्रिकी गुलामांचे वंशज, ज्यांनी यादवी युद्धानंतर तिथली जमीन विकत घेऊन टिकवली. मृत्युपत्र न करता पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही जमीन सर्व वारसांची सामायिक असते. सातबाऱ्यावर सतरा नावे असलेल्या घरातून आलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. दूर गेलेल्या एखाद्या चुलत भावाचा हिस्सा बिल्डरने विकत घ्यायचा, न्यायालयात वाटप मागायचे आणि लिलावात सगळीच जमीन गिळायची, असे वर्षानुवर्षे चालले. २०१७ पासून लागू असलेल्या राज्याच्या कायद्याने इतर वारसांना तो हिस्सा आधी विकत घेण्याची संधी दिली आहे. १९५६ मध्ये पूल झाल्यावर जवळच्या हिल्टन हेड बेटावर गोल्फ मैदाने आणि कुंपणबंद वसाहती कशा पसरल्या ते सेंट हेलेनाच्या लोकांनी पाहिले होते, म्हणून १९९९ मध्ये तिथे गोल्फ मैदाने आणि कुंपणबंद वसाहतींना मनाई करणारा नियम झाला. आम्ही ज्या दराने घर घेतले त्या दराने त्यांच्या मुलांना ते घेता येत नाही, आणि आमच्यासारखी आणखी शंभर कुटुंबे आली की तो दर अजून चढेल. फोन करणाऱ्यांना मी हेही सांगते. बहुतेकजण थोडा वेळ गप्प राहून शाळांविषयी विचारतात.

माणसे प्रेमळ आहेत. तुम्ही कोणत्या चर्चला जाता, हा प्रश्न पहिल्याच भेटीत येतो, त्यात खोच नसते, परंतु इथले सारे सामाजिक जीवन त्या उत्तराभोवती फिरते हे कळायला आम्हाला वर्ष लागले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये इडालिया वादळ नेमके उधाणाच्या भरतीवर आले आणि गावातल्या सखल रस्त्यांवर पाणी चढले, तेव्हा आमची वीज गेलेली पाहून समोरच्या काकूंनी जनरेटरची तार रस्ता ओलांडून आणून दिली. त्या दर ख्रिसमसला आम्हाला चर्चला बोलावतात आणि दर दिवाळीला चकल्या मागून नेतात.

सव्हॅनाजवळच्या फोर्ट पुलास्की इथे १९३५ पासून समुद्राची पातळी मोजली जाते. तेव्हापासून ती साधारण एक फूट चढली आहे आणि अलीकडे चढण्याचा वेग वाढला आहे. आमची जमीन बारा फुटांवर आहे. घराचे कर्ज २०५० मध्ये फिटेल. नवऱ्याचे म्हणणे, लेक कॉलेजला गेली की विकून आत, राज्याची राजधानी कोलंबिया, तिच्याकडे सरकावे. मी अजून होकार दिलेला नाही. या शनिवारी सकाळी नऊला ओहोटी आहे आणि धाकट्याने कोंबडीच्या माना आधीच फ्रीझरमध्ये ठेवल्या आहेत.